दोन रिमोटचा डबा

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. एक, लेक अकरावीला लातूरला जाणार. दुसरी, ती जायच्या आधी घरात टीव्हीला लावायचा गेमचा डबा येणार. पहिली गोष्ट ठरवायला कपातला चहा निवायला लागतो तेवढा वेळ पुरला. आमच्या नांदूरघाटात काय आणि अख्ख्या केज तालुक्यात काय, दहावीला बरे गुण पडलेलं लेकरू लातूरला जातंच. त्यात ठरवायचं काय? दुसऱ्या गोष्टीला मात्र मी पाच आठवडे घेतले, आणि हातात होते सहा.

डब्याचा शब्द मीच दिलेला, ती नववीत असताना. त्याआधी आमचं बापलेकीचं रोज संध्याकाळी कॅरम चालायचं. मग क्लास आले, जादा क्लास आले, सराव परीक्षा आल्या. बोर्ड दाराआड गेला. बायको घरीच शिवणकाम करते, तिनं त्याच्या कडेवर ब्लाऊजपिसांच्या पिशव्या अडकवल्या. एक दिवस लेक त्या पिशव्यांकडं बघत म्हणाली, "पप्पा, आपण आता कधीच खेळणार न्हाई का?"

मी मास्तर माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड. म्हणालो, "दहावी होऊ दे, मग तू म्हणशील तो खेळ आणू."

तिचं तयारच होतं. "फोनवरचा नको. त्यात एकट्यानं खेळावं लागतंय. टीव्हीला लावायचा, दोन रिमोटचा. एक तुमचा, एक माझा."

निकालाच्याच आठवड्यात बायकोनं केजहून पत्र्याची पेटी आणली आणि जागा नाही म्हणून टीव्हीच्या खालीच ठेवली, जिथं डबा बसणार होता तिथं. त्या दिवसापासून पेटी भरायला लागली आणि माझं बूड खुर्चीला टेकेना. आज पेटीत चादर पडली. उद्या दोन टॉवेल. परवा स्टीलचं ताट, वाटी, तांब्या. मी रोज सकाळी उठून पहिल्यांदा पेटीत डोकवायचो. विहिरीतलं पाणी बघतात तसं. फक्त हे पाणी चढत होतं.

मला वस्तू निवडता येत नाही, हे सासुरवाडीपासून शाळेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या वेळी मी पाच ठिकाणी जाऊन पोहे खाल्ले आणि पाचही ठिकाणी "कळवतो" म्हणून आलो. सहाव्या ठिकाणी पोरीनंच विचारलं, "काय ते आत्ताच सांगा, आमाला दुसऱ्यांना बोलवायचंय." ती ही. माझ्या आयुष्यातला लवकर झालेला हा एकच निर्णय, आणि तोही मी घेतलेला नाही.

तर डबे. मला वाटलं होतं डबा म्हणजे डबा. लेकीनं समजावलं की असे तीन आहेत. एक काळा, थोराड, त्याच्या पुढच्या बाजूला फट. त्या फटीत गेमची तबकडी सरकवायची. दुसरा त्याचाच भाऊ, पण त्याला फट नाही. सगळे गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. तिसरा हातात मावणारा, टीव्हीलाही लागतो आणि प्रवासातही खेळता येतो. लेकीला कोणताही चालणार होता. तिनं ते स्पष्ट सांगितलं होतं. "पप्पा, कोणताबी आणा, पण आणा." मी हे वाक्य अर्धंच ऐकलं. "कोणताबी" म्हणजे जबाबदारी आपल्यावर, असा अर्थ काढून मी कामाला लागलो.

उन्हाळी सुट्टी होती. दिवसभर फोनवर पोरं डबे उघडून दाखवतात ते व्हिडिओ बघत मी घरात येरझारा घालायचो. एक पोरगं म्हणायचं काळाच घ्या. दुसरं म्हणायचं काळा घेतला तर पस्तावाल. मी दोघांचंही पटवून घ्यायचो. तिसऱ्या, हातात मावणाऱ्या डब्यावर माझं मन बसायला लागलं की वाटायचं, हा तर ती लातूरला घेऊन जाईल. मग अभ्यास? मग वाटायचं, नेईल तर नेऊ दे. मग वाटायचं, नेला तर मी काय करू? उठून गॅलरीत जायचो. गॅलरीतून परत यायचो. बायको मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "फरशी झिजायली."

शेवटी मी तेच केलं जे आमच्या घरात पंचवीस वर्षं होत आलंय. चाचांकडं गेलो.

केजच्या चौकाच्या अलीकडं चाचांचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. प्लग असलेली कुठलीही वस्तू चाचांना विचारल्याशिवाय आमच्या घरात आलेली नाही. एकदाच आली, लग्नाच्या आहेरात मिक्सर, आणि तो पहिल्याच चटणीला जळाला. तेव्हापासून फ्रीज असो, इन्व्हर्टर असो, चाचा सोबत येतात, वस्तू उलटी करतात, बुडाचे स्क्रू बघतात आणि मान हलवतात. त्यांचा नियम एकच.

"गुर्जी, ज्या चिजेचा पेच दिसत न्हाई ती घ्यायची न्हाई. ती आपली होतच न्हाई. कंपनीचीच राहती, आपण नुसती सांभाळायची."

पहिल्या खेपेला मी, लेक आणि चाचा, असे तिघं एसटीनं बीडला गेलो. दुकान गारेगार. काउंटरवरचा पोऱ्या इतका चकचकीत की त्याच्यासमोर मी उगाच शर्ट खोचला. चाचांनी काळा डबा मागितला, मांडीवर आडवा घेतला आणि बोटांनी चाचपायला लागले. जनावराचे दात बघावेत तसं.

"पेच कुठंयत ह्याचे?"

"अंकल, पेच आतमध्ये आहेत. ते उघडायचे नसतात. सील फोडलं की वॉरंटी जाते."

"म्हंजे आजारी पडला तर डाक्टरनं हात लावायचा न्हाई?"

"कंपनीकडं पाठवायचा."

"कंपनी कुठं? धारूरला हाय का?"

लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. चाचांना मात्र डब्याच्या बुडाला, स्टँड बसवायच्या जागी, एक पेच सापडला. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी बिनफटीचा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि ठेवून दिला. "ह्याला तोंडच न्हाई. खाणार कुठून? गुर्जी, तोंडाचा घ्या. नेट गेलं तरी तबकडी खाऊन जगंल."

इतकं सरळ सांगणारा माणूस सोबत असताना कुणीही पिशवी पुढं केली असती. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

परतीच्या एसटीत लेक खिडकीशी बसली. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "पप्पा, काय विचार करायचाय अजून?" मी तिला तोटे-फायदे सांगायला लागलो. ती "हं" म्हणाली. त्या "हं"वर मी तीन दिवस झोपलो नाही, पण डबाही घेतला नाही.

दुसऱ्या खेपेला मी एकटाच बीडला गेलो. ठरवून गेलतो, की आज घ्यायचाच. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड होता.

"ह्यो कावून?" बायकोनं विचारलं.

"डबा आला की लागेलच."

तिनं पेटीचं झाकण उघडलं, बोर्ड माझ्या हातातून घेतला आणि पेटीत ठेवला. "होस्टेलला लागंल पोरीला. लई चांगलं केलंत."

पेटी आता निम्म्याच्या वर आली होती. शाळा उघडली. मी वर्गात नकाशावर नद्या दाखवताना सुद्धा पाय बदलत उभा राहायचो. लेकीनं डब्याचं नाव काढायचं सोडून दिलं होतं, आणि तेच मला जास्त टोचत होतं. मागणारं लेकरू गप्प झालं की समजावं, त्यानं आपल्याला ओळखलं.

जायला आठवडा उरला तेव्हा, शनिवारी सकाळी, बीडच्या दुकानातून फोन आला. तोंडाचा एकच पीस आलाय, ठेवू का? मला काय झालं कळलं नाही. मी "ठेवा" म्हणालो, लेकीला गाडीवर मागं बसवलं आणि निघालो. ह्या खेपेला विचार करायला वेळच ठेवला नाही. काळा डबा, दोन रिमोट, क्रिकेटच्या गेमची तबकडी. लेक खोकं छातीशी धरून बसली होती आणि येताना वाऱ्यात काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, जमलं बाबा आपल्याला.

केजमध्ये शिरलो तोच बायकोचा फोन.

"आज शनिवार हाय."

"मग?"

"शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतंय. पोरगी नव्या ठिकाणी चाललीय, उगाच कशाला? आत लोखंड हाय का न्हाई ते चाचांना विचारा."

लेकीनं कपाळावर हात मारला. मी गाडी चाचांच्या दुकानासमोर उभी केली. चाचांनी खोक्याकडं बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "पेच हायती म्हंजे लोखंड आलंच, गुर्जी."

ज्या पेचांसाठी आम्ही बीडपर्यंत जाऊन बूड तपासलं होतं, तेच आडवे आले. डबा चाचांच्या दुकानात ठेवला. रविवारी नेऊ म्हटलं, तर रविवारी अमावस्या निघाली. म्हटलं ठीक, सोमवारी शाळा सुटल्यावर.

सोमवारी लेकीला घेऊन दुकानात गेलो. चाचा स्टुलावर बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. वर्तमानपत्रावर आमचा डबा.

म्हणजे डबा होता. पण सगळीकडं होता. वरचं झाकण एकीकडं, पंखा एकीकडं, पेच चहाच्या बशीत.

चाचाच बोलले, आवाज खाली.

"दोन दिवस समोर होता गुर्जी. बघितल्याबिगर तुमच्या घरात कसा देऊ? आजवर कदी दिला का?"

नव्हता दिला. प्रत्येक नवी वस्तू ते आधी उघडून, आतून बघून, मगच आमच्या घरी पाठवत. फ्रीज उघडला होता, इन्व्हर्टर उघडला होता, आणि आम्ही दर वेळी कौतुकानं बघत उभे राहिलो होतो. तेव्हा आता कुठल्या तोंडानं बोलायचं?

"चालतंय का पण?"

"चालतंय. चित्र येतंय, आवाज येतोय, पंखा फिरतोय." चाचा थांबले. "तबकडी घेत न्हाई. तोंडाची पट्टी होती आत, कागदावानी पातळ. निघताना फाटली. तसली पट्टी मुंबईहून मागवावी लागंल. पंधरा दिवस तरी." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी दुसरा आणून देतो नवीन. माझ्या हातून झालंय."

पंचवीस वर्षांत मी ह्या माणसाला मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. मला राग येत होता, तो नेमका कुणाचा येत होता ते कळत नव्हतं. पाच आठवडे मीच घालवले होते; चाचांनी बिचाऱ्यांनी दोनच दिवस घेतले होते. दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. परत आत आलो. परत पायरीवर गेलो. येत्या रविवारी तिला लातूरला सोडायला जायचं होतं.

आत लेक हसायला लागली होती. आधी गालात, मग चांगली खदखदून.

"पप्पा, महिनाभर तुम्ही तोंडाचा का बिनतोंडाचा ह्याच्यावर फरशी झिजवली. शेवटी तोंडाचा आणला आणि झाला बिनतोंडाचा!"

चाचांना आधी कळेना हसावं की नाही. मग त्यांच्या खांद्यांना हेलकावा बसला. मीही हसलो. थोडं उशिरा, पण माझं सगळंच उशिरा असतं.

"चाचा, नवा न्हाई लागत," लेक म्हणाली. "ह्यो पंखा किती मोठाय, बघू?" आणि स्टूल ओढून ती त्यांच्याशेजारी बसली. कोणता भाग कशाचा, हे विचारत विचारत तिनं बशीतला एकेक पेच त्यांच्या हातात दिला. डबा मिटला तेव्हा बशीत एक पेच उरला. चाचांनी तो मुकाट्यानं खिशात टाकला आणि आम्ही तिघांनीही तो बघितला नाही असं ठरवलं.

आता गेम इंटरनेटवरूनच उतरवायचा होता, आणि नांदूरघाटात आमच्या फोनचं नेट व्हिडिओ बघण्यापुरतंच; एवढं मोठं काही उतरवायचं तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जावं लागायचं. चाचांच्या दुकानात मात्र वायरचं इंटरनेट होतं. "हितंच पाजू पाणी त्याला," ते म्हणाले. लेकीनं फुकटातला, आकारानं सगळ्यात लहान असा, गाड्यांच्या शर्यतीचा गेम शोधला. तरी आधी डब्याचं स्वतःचं काहीतरी उतरायचं होतं, मग गेम. सोमवार गेला. मंगळवारी दिवसभर लाईट येऊन-जाऊन होती. बुधवारी चाचांनी तीन वेळा फोन केला: "निम्मं झालं." "निम्म्याच्या वर झालं." "गुर्जी, मी जेवायला जात न्हाई, हितंच बसलोय."

गुरुवारी मी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

दुकानात एक मोठा टीव्ही होता, गिऱ्हाइकाचा, दुरुस्त होऊन भिंतीला टेकवलेला. चाचांनी डबा त्यालाच जोडला. लेकीनं एक रिमोट माझ्या हातात दिला. पडद्याचे दोन भाग झाले, वर एक रस्ता, खाली एक रस्ता. हिरवा दिवा लागला आणि मी बटणं दाबायला लागलो.

मला सांगायला हरकत नाही, मी सुंदर चालवत होतो. वळणं अशी घेत होतो की माझं मलाच नवल. पुढच्या गाड्या मागं टाकल्या, पूल ओलांडला. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली. मी चाचांकडं बघून भुवया उडवत होतो. तिसऱ्या शर्यतीत लेकीनं मध्येच आपला अंगठा उचलला.

"पप्पा, तुमी कोणती गाडी बघायलात?"

"वरची."

"वरची माझी हाय."

"मग माझी?"

"खालची. ती कठड्याला धडकून उभी हाय. पहिल्या शर्यतीपासून हेच चाललंय."

मी खाली बघितलं. एक पिवळी गाडी कठड्यात नाक खुपसून उभी होती आणि तिची चाकं जागच्या जागी फिरत होती.

चाचा स्टुलावरून पडायचे राहिले. त्याच वेळी पायरीवर एक पाहुणे आले, बाहेर त्यांची पिकअप चालूच. टीव्हीचे मालक.

"चाचा, झाला का टीव्ही?"

"झाला की. चालू हाय, बघा."

"आन् ही कोणती मालिका?"

"मालिका न्हाई. गुर्जी हारायलेत."

पाहुणे थोडे पुढं सरकले. "बंद करू का?" मी विचारलं. "होऊ द्या की," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन पिकअप बंद करून आले. मग खालच्या गाडीला वाट दाखवायला आम्ही तिघं माणसं होतो, आणि तिघंही तीन वेगळ्या दिशा सांगत होतो. लेक एकटी वर चालवत होती. तिनं आणखी चार शर्यती जिंकल्या. मग टीव्ही पिकअपमध्ये गेला आणि आम्ही डबा घरी आणला.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही खेळलो. मी दोन्ही दिवस हरलो. शनिवारी बायको मशीनवरून उठून आली, "आणा इकडं," म्हणाली आणि दुसऱ्याच शर्यतीत लेकीच्या पुढं गेली. वीस वर्षं एका हातानं कापड आणि पायानं चाक सांभाळणाऱ्या बाईला वळण म्हणजे काय! लेक चमकून तिच्याकडं बघतच राहिली. त्या संध्याकाळी पेटीचं झाकण लावायच्या आधी तिनं एक रिमोट एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेजारी ठेवला.

"हा मी नेणार."

"अगं, डबा हितं आणि रिमोट तिथं? करणार काय त्याचं?"

"काही न्हाई करणार. पण दोन्ही हितं राहिले तर तुमच्यासंगं खेळून खेळून आई शिकून बसंल. दिवाळीला आले की मग बघते तिच्याकडं."

"आन् माझ्याकडं?"

"तुमी करा सराव," ती म्हणाली. "तुमाला लागंलच."

तर मी करतो. शाळेतून आल्यावर, चहा व्हायच्या आधी अर्धा तास. एकट्यानं खेळलं की अख्खा पडदा आपल्यालाच मिळतो, हे मला माहीत नव्हतं. रस्ता केवढा तरी मोठा दिसतो आणि गाडी अगदी मधोमध असते, चुकायला जागाच नाही. तरी पहिल्या वळणाला माझी नजर वर जाते. वर आभाळ असतं नुसतं. तेवढ्यात गाडी कठड्यावर.

"समोर बघा की," बायको मशीनवरून म्हणते.